सादळायच्या आत खाऊन घ्या

ब्लड रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातल्या चरबीचे आकडे, जरा वर काय गेले, आमच्याकडे फरसाणबंदीच लागू झाली. ठाण्यात राहायचं आणि फरसाण बंद, म्हणजे गोखले रोडवरून जाताना श्वास रोखूनच चालायचं. बायकोने तोडगा काढला, मॉलमध्ये ते बेक्ड मल्टीसीड क्रॅकर्स मिळतात ना, ते खा. मी डबा उचलला, किंमत वाचली, मग मागचं बारीक अक्षरातलं मैदा-पामतेल वाचलं आणि कोणी बघत नाही असं बघून डबा परत जागेवर ठेवला. म्हणलं, असं असतं काय त्यात? कणीक, ओवा, जिरं, तीळ. घरी करू की!

बिया आणायला जांभळी नाक्याला गेलो. मॉलमध्ये काचेच्या बरणीत बसून भाव खाणारं जवस इथे पोत्यात तोंड उघडं टाकून बसलेलं असतं. दुकानदाराने "चटणीला ना?" विचारलं, मी हो म्हणून टाकलं, कोण समजावत बसणार.

कृती अगदी सोपी दिसते हो. दोन वाट्या कणीक, मूठभर बारीक रवा, मीठ, हातावर चोळलेला ओवा, जाडसर कुटलेलं जिरं-मिरी, कसुरी मेथी, तीळ, जवस, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, आणि तेलाचं मोहन. ट्रायग्लिसराइड्सच्या धाकाने मी तेलाची बाटली थेंब मोजत वाकडी करत होतो तर आई दारातून म्हणाली, "पीठ मुठीत दाब, मुटका वळतोय का बघ." नव्हता वळत. तेल पिठाला नीट लागलं तरच खुसखुशीत होतं, नाहीतर जे भाजून निघतं ते थेट डेंटिस्टकडे घेऊन जातं, त्यामुळे हृदय आणि दात यात मी दात निवडले. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं, नाही ठेवलं तर लाटलेली पोळी रबरासारखी परत आकसते.

खरी परीक्षा लाटण्यात. क्रॅकर पाहिजे दोन मिलिमीटर आणि भोपळ्याची बी स्वतःच तेवढी जाड, आता बोला. लाटणं तिच्यावर चढतं, धप्पकन उतरतं, बी पिठासकट पुढे सरकते आणि मागे ही एवढी चीर पडते. चीर सांधून परत लाटायला घ्यावं तर शेजारची बी जागी होते. शेवटी सगळ्या बिया वेचून काढून सुरीने बारीक केल्या, आणि हे काम करताना माणूस जे बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं. वरून टाकायच्या तिळाची वेगळीच तऱ्हा, पाण्याचा हात फिरवून लाटण्याने दाबले नाहीत तर भाजल्यावर क्रॅकर एकीकडे आणि तीळ ट्रेमध्ये.

मग शंकरपाळ्याच्या कातण्याने तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला काट्याने टोचे मारायचे, म्हणजे आतली वाफ निघून जाते. आई म्हणाली मी मारते, आणि मधेच तिला फोन आला. ज्यांना टोचे नाही बसले ते ओटीजीत, म्हणजे आमच्या छोट्या ओव्हनमध्ये, टम्म फुगले आणि तिला कोण आनंद! "बघ, माझ्या पुऱ्या कशा झाल्या!"

ओटीजीचं म्हणाल तर १८० डिग्री, १२ ते १५ मिनिटं असं जो तो सांगतो, पण मागची रांग आधी लाल होते आणि पुढची तोवर आजाऱ्यासारखी पांढरी, म्हणून मधेच ट्रे फिरवावा लागतो. मी ट्रे फिरवायला आणि मुलीने गीझर लावायला एकच गाठ पडली, एमसीबी खाली, घरात अंधार, बाथरूममधून आरडाओरडा. परत चालू करेपर्यंत मागच्या रांगेचे पापड झाले होते. आणि गरम असताना ते मऊच लागतात, जाळीवर गार झाले की कुरकुरीत होतात, हे सांगून माझा घसा सुकला तरी जो येतो तो एक उचलून म्हणतो, कच्चे आहेत रे.

गार झाल्यावर मात्र काय वाजले म्हणून सांगू! कट्ट! बायकोने सुद्धा मान डोलावली, हे विशेष. पण बाहेर जुलै, येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले आणि घोडबंदर रोडच्या हवेत नुसतं पाणी. पूर्वी खलाशी म्हणे पीठ-पाण्याची कडक बिस्किटं भाजून महिनोन्महिने भर समुद्रात न्यायचे. किडे पडायचे त्यात, पण टिकायची. आमच्याकडे डबा किचनमधून हॉलमध्ये येईपर्यंत माल सादळतो. परत १२० डिग्रीवर सात-आठ मिनिटं, परत जाळी, परत डबा. डब्यात आईने तांदळाची पुरचुंडी पण ठेवली आणि घरात हुकूम सुटला की झाकण उघडं टाकणाऱ्याला रात्री भांडी घासावी लागतील.

एवढ्या सगळ्यातून राखलेले ते क्रॅकर्स संध्याकाळी बाबांसमोर ठेवले. बाबांनी एक उचलला, उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे चहात बुडवला. धरून ठेवला. बराच वेळ. दाबून बघितला, परत बुडवला. मग कपात वाकून बघत आईला हाक मारली,

"अगं, गाळणी फाटलीय वाटतं. चहात काय काय तरंगतंय बघ."