सुरक्षा गुणांक १.५ आला म्हणजे झालं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोंगरउतार कोसळण्याची शक्यता टक्केवारीत सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उतार टिकेल की नाही हे इंजिनिअरने छातीठोकपणे सांगावं, सुरक्षा गुणांक (उताराला धरून ठेवणारं बल भागिले खाली ओढणारं बल; १ च्या खाली गेला की उतार कोसळतो) १.५ आला की विषय संपवावा. शक्यता आणि टक्केवारी पुढे करणं म्हणजे जबाबदारी टाळणं. हा आरोप मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिकटपणा नसलेल्या मातीचा लांबलचक उतार घ्या. उतार २५ अंशांचा, मातीचा घर्षणकोन (कणांमधलं घर्षण किती, हे सांगणारा कोन) ३५ अंश. कोरड्या स्थितीत दोन्ही कोनांच्या टॅन्जंटचा भागाकार केला की गुणांक येतो १.५. तुम्हाला हवा तोच. घर्षणकोन मोजताना तीन अंश इकडेतिकडे झाले तर तो १.३४ ते १.६८ च्या दरम्यान राहतो. काळजीचं काही नाही. पण संततधार लागून भूजल पार पृष्ठभागापर्यंत चढलं आणि उताराला समांतर वाहू लागलं, की हाच गुणांक ०.७५ वर येतो. निम्म्यापर्यंत चढलं तरी १.१ च्या आसपास. माती तीच, उतारही तोच. मग अहवालातला १.५ नक्की कुठल्या दिवसाचा? पाणी किती चढेल हे ठाऊक नसताना एकच आकडा लिहून मोकळं होणं, याला मी जबाबदारी घेणं म्हणणार नाही.

आता दोन उतार शेजारी ठेवा. एकाचा सरासरी गुणांक १.५, पण माहिती तुटपुंजी असल्याने प्रमाण विचलन (खरा आकडा सरासरीपासून साधारण किती दूर असू शकतो) ०.४. दुसऱ्याचा १.३ च, पण तपास कसून झालेला, विचलन ०.१. नॉर्मल वितरण (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले आकडे) धरलं तर पहिला कोसळण्याची शक्यता सुमारे १० टक्के, दुसऱ्याची हजारात एकाच्या जवळपास. तुमच्या नियमाने पहिला पास आणि दुसरा नापास होतो. त्या पहिल्या उताराखाली घरं असतील तर?

एका बाबतीत मात्र तुमची टीका रास्त आहे. टक्केवारीसुद्धा खोटा दिलासा देऊ शकते. एकदा बोअरिंगच्या कोअरची (जमिनीत भोक पाडून काढलेल्या दंडगोल नमुन्यांची) पेटी उघडून बसलो होतो. खडकाचे दंडगोल ओळीने मांडलेले आणि मध्ये वीतभर जागा रिकामी. नोंदीत एवढंच लिहिलेलं: कोअर मिळाला नाही. रिकाम्या जागेच्या वरच्या तुकड्याच्या टोकाला करड्या मातीचा ओलसर लेप होता, बोटाला लागेल इतकाच. ड्रिलिंगच्या पाण्याने मऊ थर धुऊन नेला होता. म्हणजे घसरण जिथून होणार, नेमका तोच थर प्रयोगशाळेत पोचत नाही आणि सरासरी निघते ती उरलेल्या धडधाकट नमुन्यांची. अशा नमुन्यांवरून काढलेले १० टक्के कितीही दशांश स्थळांपर्यंत लिहिले तरी त्यांना अर्थ नाही. मातीचे गुणधर्म जागोजागी बदलतात ती अनिश्चितता वेगळी, आणि आपल्याला माहीतच नाही ती वेगळी. पहिलीसाठी गणित आहे. दुसरीसाठी आणखी एक बोअर घ्यावा लागतो.

इटलीतल्या वायोंत धरणाला हेच भोवलं. डोंगर सरकतोय हे मोजमापांत दिसत होतं, पण जलाशयाची पातळी वरखाली करून ही हालचाल काबूत ठेवता येईल असं गृहीत धरलं गेलं. चुनखडीच्या थरांमध्ये मातीची पातळ पटलं होती. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर जलाशयात उतरला. धरण उभं राहिलं, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने सुमारे २,००० माणसं नेली. तिथे हिशेबापेक्षा जास्त खात्री नडली, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही मागता तो 'हो की नाही' मला मान्य आहे, फक्त त्याची जागा वेगळी. भू-तंत्रज्ञ राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेली निरीक्षण पद्धत हेच सांगते: सर्वांत संभाव्य स्थिती धरून आखणी करा, पण प्रतिकूल निघालं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा आणि मोजत राहा. पिझोमीटरमध्ये (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळीत) पाणी अमुक खुणेवर आलं की रस्ता बंद, त्याच्या वरच्या खुणेवर घरं रिकामी. तेव्हा चर्चा नको, ती आधी झालेली असावी. अर्थात पूर्वसूचना न देता एकदम तुटणाऱ्या उताराला ही पद्धत चालत नाही. तिथे आधीच जास्त मार्जिन ठेवायचं किंवा तिथून हटायचं.

मूळ लेखात मी '१० टक्के' लिहिलं, पण विचलन ०.४ कशावरून धरलं ते लिहिलं नाही. ती चूक माझी. किती नमुने होते, कुठे कोअर मिळाला नाही आणि पाण्याची कुठली पातळी धरली, हे आज लेखात घालतो.