रेस बघायची की स्वतःच केबलवाला व्हायचं?

रविवार, संध्याकाळचे सहा अठ्ठावीस. युरोपातल्या बहुतेक फॉर्म्युला वन रेसची फॉर्मेशन लॅप, म्हणजे सुरुवातीआधीची फेरी, आपल्या घड्याळात साडेसहाला सुटते. पोहे झाले, चहा झाला, घरच्यांकडून टीव्ही भांडून मिळवला. आणि पडद्यावर काय? 'तुमचा ओटीपी टाका.' तो ओटीपी येणार सहा चौतीसला, म्हणजे रेस सुटायचे पाच लाल दिवे पेटून विझल्यावर, पहिल्या वळणावर जे काय तुटायचं ते तुटून झाल्यावर. काय करून राहिले भाऊ हे लोक?

२०२२ च्या मोसमापर्यंत फॉर्म्युला वन स्टार स्पोर्ट्सवर होतं. चॅनलचा नंबर दाबला, विषय संपला. २०२३ ला ते टीव्हीवरून उठलं आणि एफ-वन टीव्ही प्रो या ॲपवर गेलं. २०२४ ला फॅनकोड, म्हणजे आणखी एक ॲप. सलग तीन मोसम, तीन पत्ते. भाडेकरूसुद्धा इतक्या लवकर खोली बदलत नाही. त्यात २०२३ ला मोटोजीपी जिओसिनेमावर, म्हणजे एकाच रविवारी दुचाकीला एक ॲप आणि चारचाकीला दुसरं.

दूरदर्शननं दाखवावं म्हणाल, तर तोही रस्ता बंद. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण त्या यादीत क्रिकेट, ऑलिंपिक, हॉकी वगैरे. मोटरस्पोर्टला तिथं जागा नाही. २०११ ते २०१३ अशा तीन रेस ग्रेटर नोएडात झाल्या, तिन्ही वेटेल या एकाच ड्रायव्हरनं जिंकल्या, आणि तेव्हाही आपल्याकडे वाद हाच की हा खेळ आहे की करमणूक!

बाहेरच्या देशांतही हेच चालू आहे, मान्य. इंग्लंडात २०१२ पासून स्काय हे पैसे भरून बघायचं चॅनल घुसलं आणि २०१९ पासून जवळपास सगळं त्यांच्याच खिशात. जर्मनीत आरटीएल या फुकटच्या चॅनलनं २०२० नंतर सगळ्या रेस दाखवणं सोडलं. अमेरिकेत २०२६ पासून ॲपल. पण इंग्लंडातल्या माणसाकडे निदान छतावर डिश आणि खाली डबा तरी आहे. आपल्याकडे पूर्वीसारखं नंबर दाबून लावायचं चॅनल उरलं नाही. पैशाचं दुखणं नाही हो, मोसमाचा पास नागपुरात बर्डीवरच्या एका बऱ्या जेवणाइतका असला तरी लोक देतील. दुखणं हे आहे की केबलवाला जी कामं करायचा ती सगळी गुपचूप आपल्या डोक्यावर आली. केबलवाल्याला शिव्या दिल्या, पण फोन केला की पोरगा शिडी घेऊन यायचा. आता शिडीही आपली आणि पोरगाही आपणच.

मग घ्या, शिडी चढा.

पहिलं, वायफाय. चित्र अडकलं की नेटवाल्याकडून ठरलेलं उत्तर येतं: 'सर, प्लॅन वाढवून घ्या.' काहून वाढवायचा? चांगल्या एचडी चित्राला ८ ते १० एमबीपीएस लागतात. घरात ५० चा प्लॅन आहे. मोबाइल राउटरला चिकटवून स्पीड टेस्ट केली की ५० च येणार, पण रेस मोबाइलवर नाही, दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीवर बघायची आहे. टेस्ट टीव्हीवरच करा, टीव्हीच्या ब्राउझरमधून. आणि नागपुरात या दोन भिंतींच्या मधे अजून एक महाराज उभे असतात: कूलर. पत्र्याचं अंग, आत कमरेएवढं पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतो. मोनॅकोची रेस २०२५ पर्यंत बहुधा मे महिन्याच्या शेवटी असायची, म्हणजे ऐन नवतप्याच्या, त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या तोंडावर, ४५ अंशांत. २०२६ ला ती जूनच्या सुरुवातीला गेली, पण गरमी तीच. कूलर बंद करायची कुणाची छाती नाही. राउटर खिडकीपाशी, कूलर खिडकीत, टीव्ही समोरच्या भिंतीला. मग पडद्यावर ते लोडिंगचं चाक फिरणारच ना बे!

इलाज एकच आणि तो जुनाच, वायर. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची लॅन केबल टाका. कॅट-५ई सुद्धा पुरते, १०० मीटरपर्यंत तिला काही होत नाही. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, रेसला ते दहापट आहे. केबल घेताना आतली तार पूर्ण तांब्याची आहे का विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार मिळते, ती दोनदा वाकवली की आतून तुटते आणि नेमकी पिट स्टॉपच्या वेळी दगा देते. दोन्ही टोकांना आरजे-४५ ची पिन घट्ट बसवून घ्या आणि दुकानातच टेस्टरवर आठही दिवे लागतात का बघा. वायर शक्यच नसेल तर टीव्ही वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर घ्या, पण एकाच खोलीत असाल तरच. भिंती ओलांडायच्या असतील तर २.४ बरं, मग चित्र ७२० वर अडकवून ठेवा. 'ऑटो'वर ठेवलं की ॲप दर दोन मिनिटांनी चित्र खालीवर करतं आणि ड्रायव्हरचं हेल्मेट ओळखू येत नाही.

दुसरं, वीज. मे महिन्यात ट्रिपिंग होणारच. इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, राउटर मात्र भलत्याच सॉकेटवर असतो. टीव्ही चालू, नेट बंद! राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. तेवढाच छोटा डीसी यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन आउटपुटवाला घ्या, नाहीतर एक जिवंत आणि एक मेलेला. इतकं करूनही काही ठिकाणी नेट जाणारच, कारण इमारतीच्या जिन्यात लावलेला स्विच मोहल्ल्याच्याच विजेवर चालतो. तुमच्या लाइनला वाटेत नुसता पॅसिव्ह स्प्लिटर आहे की विजेवरचा स्विच, हे कनेक्शन घेतानाच विचारून घ्या. स्प्लिटरला वीज लागत नाही.

मोबाइल डेटावर बघू म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी, तासाला ३.६ जीबी. रेसची कमाल मर्यादा दोन तास, लाल झेंडा लागून रेस मधेच थांबली तर सगळं धरून तीन. म्हणजे ७ ते ११ जीबी, आणि तुमचा प्लॅन रोजचा २ जीबीचा. चित्र ३ एमबीपीएसवर आणलं तरी तासाला १.३५ जीबी, दीड तासात खलास. कॅनडाची रेस २०२५ पर्यंत आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू व्हायची, तिथे एक मजा होती: बाराला कोटा नव्यानं मिळायचा. ऑस्टिनची आणि मेक्सिकोची तर मध्यरात्र उलटल्यावरच. ती बघितली की सोमवारचा डेटा सोमवारची सकाळ उजाडायच्या आधीच संपलेला.

आता सगळ्यात संताप आणणारी गोष्ट. चित्र येतं, पण शिळं येतं. डिशवर चार-आठ सेकंदांचा उशीर असायचा. ॲप व्हिडिओचे तुकडे करून पाठवतं, एकेक तुकडा काही सेकंदांचा, आणि टीव्ही दोनतीन तुकडे जमवल्याशिवाय चालूच करत नाही. सगळं धरून तीसचाळीस सेकंद मागे. तोवर लाइव्ह टायमिंग पुढे गेलेलं असतं. एवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतो, 'गेला बे लँडो', म्हणजे ड्रायव्हर लँडो नॉरिस रेसमधून बाहेर. तुमच्या टीव्हीवर लँडो अजून मस्त पळून राहिलाय! आणि शेजाऱ्याचं चित्र तुमच्याआधी आलं तर भिंतीतून ओरडा ऐकून निकाल कळतो. एकदा चित्र अडकलं की हा उशीर वाढतच जातो. म्हणून अडकलं की 'लाइव्ह'चं बटण दाबा, ते नसेल तर बाहेर पडून परत आत या.

मग शहाणी माणसं सांगतात, नोटिफिकेशन बंद ठेवा. ठेवली. पण २०२४ ला ब्राझीलमध्ये काय झालं? पावसामुळे शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी, रविवारी गेली, आपल्या दुपारी चारला, आणि रेस रात्री साडेदहाची नऊवर आली. नोटिफिकेशन बंद ठेवणारे बिचारे साडेदहाला टीव्हीसमोर बसले, तोवर अर्धी रेस होऊन गेलेली, आणि सतराव्या जागेवरून सुटलेला वर्स्टॅपन शेवटी जिंकला! ग्रुप म्यूट करा, फोनवरच्या बातम्या बंद करा, पण वेळापत्रकाचं एक नोटिफिकेशन चालू ठेवा. ॲप हे वेगवेगळं करू देत नसेल तर पावसाच्या दिवशी दुपारीच एकदा वेळ तपासा. नंतर रिप्ले बघायला गेलात तर त्या पोस्टरवरच पोडियम, तिघं हातात बाटल्या घेऊन उभे. ज्याला रेसशी घेणंदेणं नाही अशा माणसाला रिप्ले लावायला सांगा आणि तोवर तोंड भिंतीकडे करून बसा. दुसरा मार्ग नाही!

टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावून ॲप चालवणाऱ्यांसाठी थोडं. स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर लावू नका. जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअर येतो, स्टिकला एक हवा असतो. मग ती ऐन रंगात स्वतःच बंद होऊन चालू होते. सोबत आलेला ॲडॅप्टर वापरा. जागा भरली असेल तर कॅशे साफ करा आणि ॲप गुरुवारी अपडेट करा, रविवारी नाही. गाडी सरळ रस्त्यावर हिसके देत पळताना दिसते ना, तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. रेसचं चित्र सेकंदाला ५० फ्रेमचं आणि टीव्ही ६० वर चालतो, म्हणून दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते. सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेटशी जुळवण्याचा पर्याय शोधून चालू करा. ॲपनं साथ दिली तर हिसके जातात.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं कुणी म्हणत नाही. जुलैच्या पावसात डिशवर 'सिग्नल नाही' यायचंच, आणि ओव्हरटेकच्या मधोमध बनियनची जाहिरातही यायची. पण तेव्हा शिव्या द्यायला समोर माणूस होता. आता चॅटवर यंत्र बोलतं आणि चालू रेसमध्ये सल्ला देतं, 'ॲप काढून परत टाका.' ते चुकूनही करू नका. काढलं की लॉगिन गेलं, आणि लॉगिन म्हणजे परत तोच ओटीपी. आधी फक्त ॲप बळजबरीनं बंद करा, मग राउटर, मग टीव्हीचा प्लग दहा सेकंद काढून. लॉगिन आणि ओटीपीचं लफडं रेसच्या अर्धा तास आधीच उरका, तेव्हा सर्व्हरवर गर्दी नसते.

डिसेंबरात अबू धाबीची, म्हणजे मोसमातली शेवटची रेस झाली की ऑटोपे बघा. पंधरा हजारांपर्यंतच्या आपोआप कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही, फक्त चोवीस तास आधी एक मेसेज येतो आणि तो तुमच्या नोटिफिकेशन बंद केलेल्या फोनमध्ये कुठेतरी पडून असतो. ॲप काढून टाकलं म्हणून ऑटोपे थांबत नाही. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरले, त्याच्या ऑटोपे भागात जाऊन मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, रद्द करा आणि 'रद्द' असं दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. रेस बघताना ओटीपी मागतात, पैसे कापताना नाही!