आमचा नन्नाचा पाढा

कॉलेजात असताना मी सुट्ट्यांच्या हंगामात अम्युझमेंट पार्कमध्ये काम करायचे, हे कळलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. "म्हणजे दिवसभर फुकट राइड्स?" आणि "कंटाळा नाही यायचा?" पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण तिथे आम्ही नेमकं करायचो काय, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज न विचारता सांगते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही नाही म्हणायचो. हीच नोकरी. पाळणा मोटर फिरवते, ब्रेक कॉम्प्युटर लावतो, तिकीट स्कॅनर तपासतो. माणूस ठेवलेला असतो तो रडणाऱ्या पोराला, चिडलेल्या बापाला आणि टोपी काढायला तयार नसलेल्या काकांना "नाही" सांगायला. आणि माझं ठाम मत आहे की अख्ख्या पार्कातलं हे सगळ्यात जोखमीचं काम आहे. ते कुणाकडे असतं? सगळ्यात नवख्या, सगळ्यात कमी पगाराच्या आणि हंगाम संपला की निघून जाणाऱ्या पोरापोरींकडे.

उंची मोजायच्या काठीपासून सुरू करते, कारण माझी पहिली ड्यूटी तिथेच लागली होती. त्या काठीपाशी माणसाच्या अंगातल्या सगळ्या कला बाहेर येतात. पोरांचे चवडे आपोआप उचलले जातात. बुटात जास्तीचे मोजे कोंबलेले असतात. अंबाडा बरोब्बर टाळूच्या मधोमध बांधलेला असतो आणि आई म्हणते, "रोज असाच घालते हो मी." वडील मंडळी "एवढ्या-तेवढ्याने काय होतंय" पासून सुरुवात करतात, मग "तासभर उभे आहोत रांगेत" येतं, आणि शेवटी हुकमाचा एक्का पडतो: "काल तुमच्याच माणसाने बसू दिलं होतं." हा सगळ्यात वाईट, कारण तो कधीकधी खरा असायचा. एकाने आज दया दाखवली की उद्या दुसऱ्याने शिव्या खायच्या. म्हणून आमच्यात दयाळू सहकाऱ्यावर फार राग असायचा.

एक मुलगा मात्र लख्ख आठवतो. वडिलांचा उत्साह नुसता उतू चालला होता. पोराला पाठीवर थोपटत, "आपण घाबरत नाही ना? नाही ना?" असं विचारत ते त्याला काठीपर्यंत घेऊन आले. पोरगं काठीला पाठ लावून उभं राहिलं. मी वाकून बघितलं तर त्याने गुडघे हळूच वाकवले होते. पँट ढगळ होती म्हणून वडिलांना दिसत नव्हतं. माझ्याकडे बघताना त्याचे ओठ घट्ट मिटलेले. सरळ उभा राहिला असता तर आरामात बसत होता मापात. मी त्याला सरळ उभं राहायला सांगितलं नाही. "नाही बसता येणार, पुढच्या वर्षी या," म्हटलं. वडील माझ्यावर तणतणत निघाले आणि पोरगं त्यांच्यापुढे उड्या मारत चक्रीकडे पळालं. नियमाच्या पुस्तकात हे बसत नाही, ठाऊक आहे. मला आजही ते बरोबरच वाटतं. ज्याला बसायचं नाही त्याला बसवू नये, यासाठी काठी कशाला लागते?

उंचीच्या अटीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं ही धाडसाची परीक्षा आहे, म्हणून "आमचा अजिबात घाबरत नाही" असं सांगतात. घाबरण्याचा इथे काही संबंध नाही. मांडीवर येणारा बार कमरेपाशी नीट अडकतो का, पाठ टेकली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, खांद्यावरून येणारी पकड खांद्यावरच बसते की गळ्याशी येते, हे बघून राइड बनवणारी कंपनी माप ठरवते. मोठ्या रोलर कोस्टरना ते बहुतेक वेळा १२० ते १४० सेंटीमीटरच्या दरम्यान असतं. गाडी उंचवट्यावरून खाली झेपावते तेव्हा माणूस सीटवरून अक्षरशः उचलला जातो. तेवढ्या क्षणापुरतं त्याला गाडीत धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, फक्त तो बार. पोर शूर असेल हो, पण बारला ते कळत नाही.

काही राइड्सना वरचीही मर्यादा असते, हे सांगितलं की उंच माणसं हसतात. नवी राइड उभी राहिली की गाडीवर एक सांगाडा बांधतात. बसलेल्या माणसाचे हातपाय जास्तीत जास्त कुठवर पोचतील तेवढा मोठा. मग ती गाडी सगळ्या रुळावरून हळूहळू फिरवून बघतात, कुठे खांबाला लागतोय का, कुठे तुळई आड येतेय का. लोक हात वर करून बिनधास्त किंचाळतात त्याच्या आधी हे झालेलं असतं.

काठीनंतर मला बार तपासायला लावलं. बार खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा. दोन्ही करायचं, दर वेळी, दर सीटला, आणि तोंडाने "फोन खिशात, चष्मा काढा, हात आत" चालूच. नवीन असताना प्रत्येक बार जीव लावून ओढला जातो. आठवडा गेला की खरा धोका सुरू होतो, कारण हात चालू असतो आणि डोकं केव्हाच घरी पोचलेलं असतं. म्हणून चांगल्या पार्कात एका जागी फार वेळ ठेवत नाहीत. थोडा वेळ बार, मग गेट, मग राइड चालवायचं पॅनेल, मग उतरायची बाजू. आम्हाला ही फिरवाफिरवी म्हणजे सुपरवायझरची उगाच कटकट वाटायची.

२०२२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत एक दुर्घटना झाली. उंच टॉवरवरून सीट खाली सोडणारी राइड होती आणि १४ वर्षांचा मुलगा सीटमधून निसटून खाली पडला आणि दगावला. मुलगा अंगाने मोठा होता. राइडच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा १३० किलो होती, त्याचं वजन त्याच्या बरंच वर होतं. पकड पूर्ण खाली आली नाही तर राइड सुरूच होणार नाही, यासाठी सीटला सेन्सर होता. चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हाताने फिरवून ठेवला होता, त्यामुळे पकड नेहमीपेक्षा खूप जास्त उघडी असूनही दिवा हिरवा लागला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्र नाही म्हणत होतं आणि माणसांनी त्याचं तोंड दाबलं. त्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्यांच्या ठिकाणी मी स्वतःला सारखी बघत होते. हिरवा दिवा लागलाय, रांग खोळंबलीय, आणि आपल्या मनात पाल चुकचुकतेय. अशा वेळी "उतर बाबा" म्हणायला पोरगं खमकं लागतं, आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी तरी वर लागतं.

बाकी यंत्राचा नन्नाचा पाढा लोकांना बिलकूल खपत नाही. कोस्टर मध्येच उंचावर थांबली की खालून ओरडा सुरू: "बिघडली! बिघडली!" प्रत्यक्षात बऱ्याचदा ती नीट चालू असते म्हणूनच थांबलेली असते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, असा कडक नियम. स्टेशनवर एखाद्या ताईंचा बेल्ट अडकला, पुढची गाडी हलली नाही, की मागची तिच्या भागाच्या टोकाला आपोआप उभी राहते. ती थांबली नसती तर धडकली असती. हे मी माइकवरून किती वेळा समजावलं असेल! ऐकतंय कोण. वरचे लोक तोवर व्हिडिओ काढण्यात गुंग. फोन खिशात ठेवायला सांगितला होता, तो हा असा बाहेर.

चढावर जाताना येणारा टकटक आवाजही तसाच. बऱ्याच जणांना वाटतं गाडी वर ओढणारी साखळी जुनी झालीय. आवाज साखळीचा नसतोच. गाडीखालचा लोखंडी आकडा रुळातल्या दात्यांवर एकेक करून पडत असतो, साखळी तुटलीच तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. मी नवीन होते तेव्हा आमचे मेंटेनन्सवाले काका म्हणाले होते, "आवाज आला की निश्चिंत, बंद झाला की कान टवकार." गाडीच्या चाकांचंही त्यांनीच दाखवलं. रुळाच्या वर चाकं, बाजूला चाकं आणि खालूनही चाकं. त्या खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये घेतलं. खालून धरून ठेवणारं चाक आलं म्हणून एवढे उभे उतार बांधता आले.

सकाळी पार्क उघडण्यापूर्वी मेंटेनन्सवाले काका आणि त्यांची माणसं रुळाच्या कडेने चालत जायची, मग रिकाम्या गाड्या सोडायची. थंड सकाळी कोस्टर आळसावलेली असते, दुपारी चाकं आणि ग्रीस तापलं की सुसाट. दुपारी बसायला या, हा माझा फुकटचा सल्ला.

आता रुळाखालच्या कुंपणाबद्दल. कोस्टरच्या खाली जिथे गाडी जमिनीजवळून जाते तो भाग कुंपण घालून बंद केलेला असतो. आतमध्ये बघाल तर टोप्या, गॉगल, चपला, फोन यांचा बाजार भरलेला. आणि रोज कुणीतरी विचारायचंच, "पटकन उडी मारून घेऊन येऊ का?" नाही. "एक मिनिट फक्त." नाही. रात्री पार्क बंद झाल्यावर मेंटेनन्सवाले गोळा करतात, उद्या येऊन घेऊन जा. इथे मी कधी आवाज चढवायलाही कमी केलं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका पार्कात ४५ वर्षांचा एक माणूस हरवलेला फोन शोधायला अशाच कुंपणाच्या आत शिरला आणि कोस्टरची धडक बसून दगावला. फोनसाठी!

कोस्टरच्या सुरुवातीच्या काळात, १८८४ मध्ये, लामार्कस थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन माणसाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जी घसरगाडी सुरू केली तिचा वेग होता ताशी जेमतेम १० किलोमीटर. टोकाला पोचलं की लोक उतरायचे आणि कामगार ती ढकलून परतीच्या रुळावर चढवायचे. तेव्हा कामगाराचे दंड लागायचे, आता त्याची नकारघंटा लागते. दंडाची मेहनत दिसते तरी. न झालेला अपघात कुणाला दिसतो? संध्याकाळी हिशोब होतो तो तासाला किती गाड्या सुटल्या याचा. किती जणांना उतरवलं आणि का उतरवलं, हे आमच्याकडे कुणी कधी विचारलं नाही. एका हंगामात जे शिकायचं ते शिकून झालं की माणूस सोडून द्यायचा आणि पुढच्या वर्षी नवं पोरगं त्याच काठीपाशी उभं करायचं, हा उद्योग मला तेव्हाही पटला नव्हता. जुन्यांना थोडे जास्त पैसे देऊन परत बोलवा ना. बार ओढताना डोकं घरी जाऊ न देणं ही कला आहे आणि ती दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये येत नाही.

आणि पाठीशी उभं राहणारं कुणी वर लागतं असं म्हटलं, त्याचा किस्सा सांगून थांबते. आमच्या कोस्टरला गाडी सोडायला दोन बटणं होती. एक पॅनेलवर, एक प्लॅटफॉर्मवर. दोन्ही एकदम दाबली तरच गाडी हलणार. एका दुपारी सुपरवायझर स्वतः एका कुटुंबाला घेऊन आले. कुणीतरी ओळखीचे साहेब होते. धाकटी मुलगी मापात चांगलीच कमी. काठीपाशी न थांबता त्यांना थेट पहिल्या डब्यात बसवलं. बार लावला तर तिच्या मांड्यांवर हवाच. मी सुपरवायझरांकडे बघितलं. ते म्हणाले, "सोड गं, मी आहे ना." पॅनेलवरच्या मुलाने त्याचं बटण दाबून धरलं. मी माझ्या बटणावरून हात काढून पाठीमागे बांधला.

एक शब्द बोलले नाही. गाडी जागची हलली नाही, रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या, साहेब घड्याळ बघायला लागले. सुपरवायझर माझ्या बाजूला येऊन स्वतः बटण दाबू शकले असते. आले नाहीत. शेवटी मुलीची आईच म्हणाली, "जाऊ दे, मी हिला घेऊन खाली थांबते," आणि दोघी उतरल्या. मग मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी पार्किंगला लागली. भर उन्हात, शिट्टी तोंडात. तिथेही दिवसभर नाहीच म्हणायचं होतं, गाड्यांना. तेवढ्यात एका काकांनी काच खाली करून विचारलं, "काल तर इथेच लावू दिली होती?"