खिडकीच्या सीटवर तो रेडिओ लावू नका

‘जुन्या एफएम सेटची कॉइल ताणा आणि २०० रुपयांत पायलटचं बोलणं ऐका’ हा मेसेज सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. तीन फोटो, एक सर्किट आणि खाली ‘मुलांना मोबाइलपासून दूर ठेवणारा प्रयोग, पुढे पाठवा’. मी दुर्लक्षच केलं असतं. पण काल डोंबिवलीहून ताईचा फोन आला. ‘अरे, पोराने बनवलाय तो रेडिओ. परवा नागपूरच्या विमानात घेऊन जाणारे. खिडकीपाशी एकदम स्पष्ट ऐकू येतं म्हणे.’ तेव्हा मात्र डोकं फिरलं.

म्हणून सुरुवात त्याच मुद्द्याने. मेसेजमधलं वाक्य असं: ‘हा रेडिओ फक्त ऐकतो, काहीच सोडत नाही, त्यामुळे विमानातही पूर्ण सुरक्षित. फ्लाइट मोडचा नियम मोबाइलपुरता आहे.’ दोन्ही वाक्यं साफ चूक.

जुन्या एफएम सेटच्या पोटात स्वतःचा एक ऑसिलेटर, म्हणजे रेडिओ लहर तयार करणारं सर्किट, असतो. तुम्ही जे स्टेशन लावाल, त्याच्यापेक्षा साधारण १०.७ मेगाहर्ट्झने वरच्या फ्रिक्वेन्सीवर तो चालतो. दोन्ही सिग्नल मिसळायचे आणि फरकाचे जे १०.७ उरतात, त्यांच्यावर पुढचं काम करायचं, अशी ती रचना. म्हणजे ९८.३ लावलंत की आत १०९.० सुरू. प्लास्टिकच्या डब्याला शील्डिंग, म्हणजे लहरी अडवणारं धातूचं कवच, नसतं, त्यामुळे त्यातलं थोडं बाहेर गळतंच. आता १०८ ते ११८ या पट्ट्यात कोण आहे? विमानाला दिशा दाखवणारं व्हीओआर. त्यातच १०८ ते ११२ मध्ये आयएलएस या विमान उतरवणाऱ्या यंत्रणेचा लोकलायझर, म्हणजे ढगातून उतरताना धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा सिग्नल. कॉइल ताणल्यावर सुटका होते असंही नाही. १२० वर ऐकायला गेलात तर ऑसिलेटर १३०.७ वर जातो, आणि ११८ ते १३७ हा तर पायलट आणि जमिनीवरच्या कंट्रोलरच्या बोलण्याचाच पट्टा.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. काट्याचे दोन जुने एफएम सेट शेजारी शेजारी ठेवा. एक वरच्या टोकाला, जिथे नुसती खरखर आहे अशा जागी लावा. दुसरा त्याच्या १०.७ खाली नेऊन हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पहिल्याची खरखर गपकन थांबते. ‘फक्त ऐकणारा’ दुसरा सेट तिथे बोलत असतो.

आणि फ्लाइट मोडचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, ९१.२१-१ हे परिपत्रक वाचा. प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरचा त्यांचा नियम पहिल्यांदा आला मे १९६१ मध्ये, आणि तो आला हातातल्या एफएम रेडिओसाठी, कारण व्हीओआरवर चालणाऱ्या विमानात त्याची भीती होती. तेव्हा खिशात मोबाइल कुणाच्या होता? बाकीच्या वस्तू त्या नियमात नंतर आल्या. या मेसेजने ज्याला सूट देऊन टाकली, नियमाचा मूळ आरोपी तोच.

मेसेजमधलं दुसरं सर्किट, ते एकाच ट्रान्झिस्टरचं, याहून वाईट आहे. त्याला सुपररिजनरेटिव्ह म्हणतात. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने १९२२ मध्ये मांडलेली युक्ती. एवढ्याशा खर्चात इतकं संवेदनशील दुसरं काही नाही, हे मान्य. पण ते ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतं, तिच्यावरच स्वतः थरथरत असतं, आणि फोटोत एरियल थेट त्याच कॉइलला डकवलंय. मध्ये ती थरथर एरियलपर्यंत जाऊ न देणारं वेगळं सर्किट, म्हणजे आरएफ स्टेज, नाही. म्हणजे हा बारीकसा ट्रान्समीटरच झाला, तोही नेमक्या पायलटच्या चॅनलवर. ऑसिलेटर अजिबात नसलेला, नुसत्या डायोडचा रिसीव्हर बनवता येतो आणि तो खरोखर काही सोडत नाही. पण मेसेजमधल्या एकाही फोटोत तो नाही.

आता कॉइल ताणण्याची गोष्ट. नाइलाजाने कबूल करतो, ती अर्धी खरी आहे. वेढे लांब केले की कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) कमी होतो आणि सेट १०८ च्या वर सरकतो. पण विमानं बोलतात एएमवर. त्यात आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमीजास्त होते, एफएममध्ये फ्रिक्वेन्सी. एएमचा फायदा असा: दोघं एकदम बोलले तर एएममध्ये शिट्टी ऐकू येते आणि गोंधळ झाल्याचं कळतं. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. आणि एफएम सेटमधला लिमिटर नावाचा भाग नेमके एएमचे चढउतारच छाटतो. त्यामुळे बहुधा खरखर मध्येच दबल्यासारखी होते आणि तिच्यामागे कोणीतरी पुटपुटतं, बस. नीट ऐकायचं तर आयएफमधून, म्हणजे वर सांगितलेल्या १०.७ च्या टप्प्यातून, सिग्नल काढून त्याला आवाज वेगळा करणारा डायोड डिटेक्टर लावावा लागतो. ते काही मेसेजमध्ये नाही. शिवाय हल्लीच्या बऱ्याच स्वस्त सेटमध्ये सगळं काम एक चिप करते, ताणायला कॉइलच नसते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकदा चक्कर मारली की २०० रुपयांचा हिशोबही कळेल, त्यावर वेळ घालवत नाही.

मेसेजमधला पुढचा दावा: ‘मुंबईचा टॉवर ४०० किलोमीटरवरून ऐका.’ आकडा खरा, पण जोडलाय भलत्याला. या फ्रिक्वेन्सी साधारण नजरेच्या रेषेत, क्षितिजाच्या किंचित पलीकडेपर्यंत चालतात, आणि ३५ हजार फुटांवरच्या विमानासाठी ती हद्द ४०० किलोमीटरच्या थोडी पलीकडे जाते. म्हणून साठेक सेंटिमीटरच्या तारेवर दूरचं विमान सापडू शकतं. टॉवर, म्हणजे विमानतळाचा कंट्रोल टॉवर, जमिनीवर आहे. विमानतळाजवळच्या घाटकोपरच्या गच्चीवरून ठीक; डोंबिवलीहून मध्ये डोंगर आणि इमारती असताना पायलटची उत्तरं मिळतील, कंट्रोलरचे प्रश्न मिळणार नाहीत.

त्यापुढे मेसेज म्हणतो, ‘ऐकायला परवाना लागत नाही.’ हे कुणी ठरवलं? १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचं कलम ३ परवान्याशिवाय बिनतारी उपकरण बाळगण्यावरच आहे, बोलण्याचा प्रश्न नंतरचा. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सवर तिकिटं चिकटवलेली पिढी अजून घरात आहे, तिला विचारा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगीची अट ठेवलीय. ब्रिटनमध्येसुद्धा आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणं गुन्हा आहे. यूट्यूबवर अमेरिकन माणूस अंगणात बसून ऐकतो, तो त्याच्या देशात. पोराला खरंच आवड असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा आहे, बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि मग १४४ ते १४६ मध्ये चक्क बोलताही येतं.

राहिला शेवटचा मुद्दा: ‘संकटातलं विमान टीव्हीच्या आधी तुम्हाला कळेल, रेकॉर्ड करून व्हायरल करा.’ पावसाळ्यात मुंबईवर उतरता उतरता विमान पुन्हा वर जातं, पायलट शांतपणे ‘गोइंग अराउंड’ म्हणतो आणि चक्कर मारून परत येतो. रोजच्या कामातली गोष्ट. हेच दोन शब्द खरखरीतून कुणाच्या कानावर पडले की पाच मिनिटांत ग्रुपवर ‘अंधेरीत मोठा अपघात टळला’ येणार, आणि त्या विमानातल्या माणसाची आई घरी फोन लावत बसणार. त्याचा फोन तर फ्लाइट मोडवर.