हिरवा उजेड, निळी बोटं

नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री नाचणाऱ्या त्या रंगीत प्रकाशाचा, नाद लागलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याला नुसतं विचारा, आज बीझेड किती आहे? साधा माणूस म्हणेल, काय किती आहे? आणि नादी माणूस फोन खिशातून काढायच्या आधीच तोंडपाठ सांगेल, "आत्ता मायनस तीन, पण संध्याकाळी मायनस आठ होतं हो, उजेडात वाया गेलं सगळं." तर सूर्याकडून विद्युतभारित कणांचा जो वारा येतो त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र येतं, त्याची उत्तर-दक्षिण दिशा म्हणजे हे बीझेड. ते दक्षिणेकडे वळलं, आकडा मायनसमध्ये गेला, की त्या वाऱ्याला पृथ्वीच्या चुंबकीय कवचातून आत शिरायला वाट मिळते आणि वर रोषणाई सुरू होते. हे मोजायला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उपग्रह ठेवलेत आणि तिथून तो वारा आपल्यापर्यंत पोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे माणसाने एवढी अक्कल खर्च करून मिळवलेली पक्की नोटीस फार तर तासाभराची, आणि तेवढ्या वेळात माझे फक्त कपडे घालून होतात.

कपड्यांबद्दल बोलायलाच हवं. आम्ही गेलो होतो ट्रॉम्सोला, नॉर्वेत, आर्क्टिक सर्कलच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, भर हिवाळ्यात. आधी लोकरीचं इनर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, आणि त्यावर टूरवाले देतात तो अखंड थर्मल सूट, जो गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच असतो. थरांवर थर कसे घालायचे हे सगळे सांगतात, व्हिडिओ आहेत, तक्ते आहेत. पण हे सगळं घातल्यावर बाथरूमला कसं जायचं याबद्दल मात्र सगळ्यांची दातखीळ बसलेली असते. पुरुषांना निदान एक चेन तरी असते. आम्हा बायकांना तो सूट खांद्यावरून सोलून काढावा लागतो, उणे वीसमध्ये, गुडघाभर बर्फात, बर्चच्या अशा झाडामागे की ज्याच्यामागे मांजरसुद्धा लपणार नाही, आणि त्या वेळी सूटच्या दोन्ही बाह्या बर्फात लोळत असतात. गाइड बिचारा दर अर्ध्या तासाने प्रेमाने हॉट चॉकलेट पुढे करतो. मी ते कप घेते, त्यावर हात शेकते आणि नवऱ्याला पाजते.

बरं, ट्रॉम्सो शहरात एवढी थंडी नसते. समुद्राच्या कोमट प्रवाहामुळे किनाऱ्यावर पारा कित्येकदा शून्याच्या आसपासच असतो. पण किनारा म्हटला की ढग आले, आणि नॉर्दर्न लाइट्स ढगांच्या खूप वर, १०० किलोमीटरच्याही पलीकडे, त्यामुळे खाली ढग असतील तर वर काय वाट्टेल ते चाललं असो, आपल्याला शष्प दिसत नाही. लोक केपीच्या, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलंय त्याच्या, आकड्यावरून भांडत बसतात, शून्य ते नऊ, किती हवा, किती नको. ट्रॉम्सो त्या प्रकाशाच्या पट्ट्याच्या बरोबर खाली आहे, तिथे एक-दोन केपीलासुद्धा दिसतं. केपी बघण्यापेक्षा ढग बघा. ढग चुकवायला मग गाइड गाडी आत घालतो, स्किबोटनच्या दरीतून सरळ फिनलंडच्या हद्दीपर्यंत, किल्पिस्यार्वीला. तिथे आकाश मोकळं मिळण्याची शक्यता बरीच जास्त, आणि आकाश मोकळं म्हणजे जमिनीची सगळी ऊब वर पसार. गाडीतल्या डिस्प्लेवर आकडा उतरत जातो, उणे सहा, उणे तेरा, उणे एकवीस, आणि गाइडचा चेहरा उजळत जातो. थंडी वाढली म्हणून आनंदणारी माणसं मी तिथेच पाहिली.

फिनलंडची वेळ नॉर्वेच्या एक तास पुढे. हद्द ओलांडली की फोन गुपचूप एक तास पुढे उडी मारतो, कॅमेरा मारत नाही. त्यामुळे फोनमध्ये एक वाजलेला असतो, कॅमेऱ्यात बारा, आणि आपले तर कधीचेच वाजलेले असतात.

आता खरा छळ. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, वाइड लेन्स, एफ २.८, आयएसओ १६०० नाहीतर ३२००, शटर पाच-दहा सेकंद. हे सगळं मला घरी झोपेतसुद्धा करता येतं, कारण झोपेत माझ्या हातात ग्लोव्हज नसतात. जाड मिटन्स घातले की बोटं उबदार राहतात पण एकही बटण दाबलं जात नाही, दोन-तीन एकदम दाबली जातात आणि मेन्यूची भाषाच बदलते. पातळ ग्लोव्हज घातले तर बटणं दाबली जातात पण पाच मिनिटांनी बोटं आहेत की नाहीत हे बघून ठरवावं लागतं. ट्रायपॉडचे पाय धातूचे, उघड्या हाताने धरले की चटका बसतो, थंडीचाच पण चटकाच तो, म्हणून शहाणी माणसं पायांना फोम गुंडाळून आणतात.

त्यात फोकस. अंधारात ऑटोफोकस नुसता घरघरत मागेपुढे फिरतो, त्यामुळे तो मॅन्युअल करायचा, आणि लेन्सवर जी इन्फिनिटीची आडवी आठाची खूण असते तिच्यावर विसंबायचं नाही, कारण बहुतेक लेन्सचा खरा फोकस त्या खुणेच्या जरासा अलीकडे-पलीकडे असतो. एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून, तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग केसभर केसभर फिरवायची. ती हलू नये म्हणून चिकटपट्टी लावायची. एवढ्या थंडीत ती चिकटत नाही. आणि हे करताना श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर लेन्सवर वाफ आणि वाफेचा लगेच बर्फ. यूव्ही फिल्टर आधीच काढून ठेवायचा, कारण तो हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटर, फिल्टरच्या काचेत इकडून तिकडे आपटून फोटोच्या मधोमध गोल गोल कडी उमटवतो. पण थंडीत तो फिल्टर लेन्सला असा काही घट्ट बसतो की बोलायची सोय नाही.

बॅटरीचं तर विचारूच नका. थंडीत ती बघता बघता मान टाकते, म्हणून दुसरी अंगाला लागून उबेत ठेवायची. अंगाला लागून म्हणजे सगळ्यात आतल्या थराच्या खिशात. तो थर कुठे आहे ते वर सांगितलंच आहे.

एवढं सगळं झालं की वाट बघायची. तासाभराने उत्तरेला एक मळकट पांढरा पट्टा आला. नवरा म्हणाला, "अगं, ढग आहे तो."

मी म्हटलं, "लाइट्स आहेत."

"ढगच आहे. हिरवं कुठाय?"

यावर उपाय एकच, फोटो काढून बघायचा. स्क्रीनवर पट्टा हिरवागार. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो, आणि तो वर पाच सेकंद उजेड साठवूनही घेतो. म्हणजे एवढे हजारो किलोमीटर येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, मग खरं आहे का ते यंत्राला विचारायचं. नवरा दर दोन मिनिटांनी आकाशाकडे बोट दाखवून "हे?" असं विचारायला लागला आणि मी फोटो काढून निकाल द्यायला लागले. हे, हो. ते, नाही, तो खरंच ढग.

अशा वेळी मला कार्ल स्टॉर्मरची फार आठवण येते. नॉर्वेचा गणितज्ञ. तरुणपणी कोटाच्या आत कॅमेरा लपवून, बटणाच्या काजातून भिंग बाहेर काढून, रस्त्यावरच्या लोकांचे चोरून फोटो काढायचा, नाटककार इब्सेनचासुद्धा काढला होता. नॉर्दर्न लाइट्सचा पहिला फोटो त्याचा नाही, तो मार्टिन ब्रेंडल नावाच्या जर्मन माणसाने १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेत काढला. पण स्टॉर्मर १९१० मध्ये त्याच भागात बोसेकोपला गेला, काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे मांडले, मध्ये टेलिफोनची तार टाकली आणि "आता!" म्हटलं की दोघांनी एकदम फोटो काढायचे, त्यावरून उंची मोजायची. खालची कड जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर असते हे अशा फोटोंवरून पक्कं झालं. काचेच्या प्लेटा, त्या थंडीत, एक हात टेलिफोनला. मला त्याचं गणित नको, ग्लोव्हज कुठले होते तेवढं कळलं तरी पुरे.

आणि मग ते झालं. पट्टा वर सरकला, त्याला चुण्या पडल्या, त्या डोक्यावरून धावायला लागल्या, इतका ठळक हिरवा की आता नवऱ्यालाही यंत्राची गरज उरली नाही, आणि खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी किनार. लोक ओरडायला लागले. प्रकाश असा पळायला लागला की दहा सेकंदांचं शटर ठेवून चालत नाही, सगळ्या चुण्यांचा नुसता हिरवा लगदा होतो, शटर दोन सेकंदांवर आणायला हवं. मी डायल फिरवली, फिरली नाही, मिटन दातांनी ओढून काढला, डायल फिरवली, आणि स्क्रीनवर लाल रंगात रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं. त्याच वेळी शेजारच्या गृहस्थांनी हेडलॅम्प लावून, आणि तो सरळ माझ्या डोळ्यांत रोखून, अतिशय नम्रपणे विचारलं की सेटिंग काय ठेवलंय.

फोटो आले म्हणा, पाचसात बरे आहेत. पण हॉटेलवर येऊन लगेच बघता येत नाहीत, गार कॅमेरा उबेत आणला की आतबाहेर पाणी धरतं, म्हणून बाहेरच झिप बॅगेत बंद करून आणायचा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बॅगेला हात लावायचा नाही. मी त्या बॅगेसमोर बसून राहिले. तोवर नवऱ्याने त्याच्या फोनवर नाइट मोडमध्ये, तीन सेकंद हात न हलवता काढलेला एकमेव फोटो घरच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा झाला होता. मला मान्य करायला जड जातंय, पण फोटो सुरेख होता. पूर्ण आकाशभर हिरवा-गुलाबी झोत, आणि खाली कोपऱ्यात मी, आकाशाकडे पाठ करून, सूट कमरेपर्यंत उतरवलेला, दोन्ही हात स्वेटरच्या आत.

खाली आत्याचा मेसेज होता, "आकाश फारच सुंदर रे. पण ही काय शोधतेय?"

त्याने लिहिलं होतं, "बॅटरी."