ग्लेझरने मँचेस्टर युनायटेड ‘घामाच्या पैशातून’ घेतला नव्हता

माल्कम ग्लेझरबद्दलचा एक प्रेरणादायी संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. आशय असा: वडील गेल्यावर पंधराव्या वर्षी घड्याळं विकायला लागलेल्या मुलाने पुढे घामाचे 79 कोटी पौंड मोजून मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब विकत घेतला, डबघाईला आलेल्या क्लबला सावरलं आणि पाच लीग विजेतेपदं मिळवून दिली. कुणी शंका काढलीच तर खाली तयार उत्तर असतं: ‘कर्ज काढून तर आपणही घर घेतोच की.’

घड्याळांचा भाग खरा आहे. ग्लेझरचा जन्म 1928 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. कुटुंब लिथुआनियातून आलेलं, वडिलांचा धंदा घड्याळांच्या सुट्या भागांचा. 1943 मध्ये ते वारले आणि मुलगा दारोदार घड्याळं विकू लागला. पण तिथून थेट ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, उडी मारताना मधली चाळीसेक वर्षं गाळली जातात, आणि माणूस कळतो तो त्याच वर्षांत. मोबाइल होम पार्क (हलवता येणाऱ्या घरांच्या वसाहती) आणि शॉपिंग सेंटरच्या भाड्यावर त्याचा पैसा उभा राहिला. 1984 मध्ये त्याने कॉनरेल या रेल्वे कंपनीसाठी 760 कोटी डॉलरची बोली लावली, ती फसली. 1995 मध्ये 19.2 कोटी डॉलरला टँपा बे बकनियर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ घेतला आणि नवं स्टेडियम मिळालं नाही तर संघ दुसऱ्या शहरात जाईल, अशी हवा निर्माण झाली. 1996 मध्ये तिथल्या काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) मतदान घेऊन अर्धा सेंट जादा विक्रीकर लावला आणि 1998 मध्ये त्या पैशातून स्टेडियम उभं राहिलं. मालमत्ता आपली, खर्च दुसऱ्याचा, हे गणित मँचेस्टरच्या आधीपासूनचं आहे.

आता ते ‘स्वतःचे 79 कोटी’. शेअरमागे 3 पौंड या भावाने संपूर्ण क्लबची किंमत 79 कोटी झाली, हे बरोबर. सौद्याच्या खर्चासह जुळवाजुळव सुमारे 81 कोटींची होती. त्यात कुटुंबाचे म्हणून दाखवलेले साधारण 27 कोटी. 26.5 कोटी क्लबच्या मालमत्तेवर तारण असलेलं कर्ज. उरलेले 27.5 कोटी सिटाडेल, ऑक-झिफ आणि पेरी या अमेरिकी हेज फंडांचे, म्हणजे चढ्या परताव्यासाठी जोखीम घेणाऱ्या गुंतवणूक फंडांचे. म्हणजे दोन तृतीयांश पैसा उधारीचा.

ही उधारी क्लबच्या माथी कशी आली, ते पायरीपायरीने बघण्यासारखं आहे. 2003 च्या मार्चमध्ये ग्लेझरकडे 3 टक्क्यांहून कमी शेअर होते, 2004 च्या ऑक्टोबरपर्यंत 28 टक्के झाले. ब्रिटनच्या टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांनुसार 30 टक्क्यांची रेषा ओलांडली की सगळ्या भागधारकांसमोर खरेदीचा प्रस्ताव ठेवावाच लागतो, म्हणून तो तिथेच थबकला. दरम्यान संचालकांनी त्याची योजना आक्रमक ठरवून पाठिंबा नाकारला. नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत त्याने आपल्या मतांच्या जोरावर तीन संचालकांना घरी पाठवलं. 12 मे 2005 रोजी जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस या बड्या भागधारकांनी आपले 28.7 टक्के त्याला विकले आणि तो 57 टक्क्यांवर गेला. चार दिवसांत 75 टक्के झाले.

खरा टप्पा तो 75 चा. तेवढ्या मतांवर विशेष ठराव मंजूर होतो, कंपनी शेअर बाजारातून काढता येते आणि पब्लिकची प्रायव्हेट करता येते. हा खटाटोप कशासाठी? तेव्हाच्या 1985 च्या कंपनी कायद्यात कंपनीला स्वतःच्याच शेअरच्या खरेदीसाठी अर्थसाहाय्य करायला मनाई होती. प्रायव्हेट कंपनीला मात्र संचालकांनी ती कर्जफेडीला समर्थ असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, ऑडिटरने त्याला दुजोरा दिला, की वाट मोकळी व्हायची. म्हणून पब्लिक असेपर्यंत क्लबची मालमत्ता तारण ठेवणं अशक्य होतं, प्रायव्हेट झाल्यावर शक्य झालं. समर्थकांची भागधारक संघटना 25 टक्क्यांच्या मागे धावत होती ती याच कारणाने: तेवढे हातात असते तर विशेष ठराव अडला असता.

इथेच उलट बाजूच्या मंडळींचा ‘ही चोरी होती’ हा आरोपही पडतो. सौदा कायद्याच्या चौकटीत झाला. चौकटच तशी होती, हे दुखणं वेगळं.

‘क्लब डबघाईला आला होता.’ साफ खोटं. 2004 च्या आर्थिक वर्षात उत्पन्न सुमारे 16.9 कोटी पौंड, करपूर्व नफा सुमारे 2.8 कोटी, कर्ज नाही.

‘घरकर्जासारखंच की.’ घरकर्जाचा हप्ता घेणारा आपल्या पगारातून भरतो. इथे म्हैस विकत घेतली, कर्ज म्हशीच्याच नावावर चढवलं आणि हप्ता तिच्या दुधातून, अशी गत. 2006 मध्ये फेरकर्ज झालं तेव्हा एकूण बोजा 66 कोटींवर गेला. त्यातलं 13.8 कोटी हेज फंडांचं, ‘पिक’ प्रकारचं: व्याज रोख भरायचं नाही, ते मुद्दलात मिळत जातं. दर 14.25 टक्के. तीनच वर्षांत ते 20 कोटींच्या वर गेलं. हेज फंडांचं महागडं कर्ज 2006 मध्ये निम्म्यावर आलं, असं समर्थनात सांगितलं जातं. आलं, पण क्लबवर थेट तारण असलेलं कर्ज 26.5 वरून 52 कोटींवर नेऊन. पिक कर्ज कुटुंबाच्या शेअरवर होतं, क्लबच्या मालमत्तेवर नव्हतं. बँकेचं मात्र क्लबवर होतं. ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं, एवढंच.

2010 च्या जानेवारीत बँकेचं कर्ज फेडायला रोखे काढले: 25 कोटी पौंड 8.75 टक्क्यांनी आणि 42.5 कोटी डॉलर 8.375 टक्क्यांनी. नुसतं व्याजच वर्षाला साडेचार कोटी पौंडांच्या घरात. त्याच माहितीपत्रकातून कळलं की क्लबने कुटुंबीयांना 1 कोटी पौंड उसने दिले होते. पुढे 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात 14 डॉलरने शेअर विकले, तेव्हा आलेल्या सुमारे 23.3 कोटी डॉलरपैकी निम्मेच क्लबकडे गेले. निम्मे कुटुंबाकडे. कुटुंबाच्या ब वर्गाच्या शेअरला प्रत्येकी दहा मतं, बाजारात विकलेल्या अ वर्गाला एक.

‘पाच विजेतेपदं मिळवून दिली.’ 2007, 2008, 2009, 2011 आणि 2013, शिवाय 2008 चा चॅम्पियन्स लीग चषक. आकडा बरोबर, श्रेय चुकीच्या खात्यात जमा केलेलं. संघाचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन 1986 पासून होता. खेळाडूंपैकी रोनाल्डो 2003 मध्ये आणि रूनी 2004 मध्ये आला, दोघंही जुन्या पब्लिक कंपनीच्या पैशातून. 2008-09 मध्ये सुमारे 4.8 कोटींचा नफा दिसतो, पण त्याच हिशेबात रोनाल्डोच्या विक्रीचे 8 कोटी आहेत. ते वजा करा आणि मग नफा शोधा. सीझन तिकीटं महागली, वर घरच्या मैदानावरच्या चषक सामन्यांची तिकीटंही सीझन तिकीटधारकांना सक्तीने घ्यावी लागली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जाहिरात आणि प्रायोजकत्वाचा धंदा या कुटुंबाने इतरांच्या आधी ओळखला आणि जगभर वाढवला. 2013 पर्यंत उत्पन्न 36 कोटी पौंडांच्या पुढे गेलं. कर्ज पेललं गेलं ते त्यामुळेच.

हे श्रेयदेखील माल्कमचं किती, हा प्रश्न उरतोच. 2006 च्या वसंतात त्याला लागोपाठ दोन पक्षाघाताचे झटके आले आणि कारभार जोएल, अव्राम ही मुलं पाहू लागली. 28 मे 2014 रोजी वयाच्या 85 व्या वर्षी तो वारला. 2010 चे रोखे, 2012 ची शेअरविक्री, मोठे प्रायोजक हे सगळं त्या झटक्यांनंतरचं आहे.