२५५ फील्ड भरली म्हणून टेबल तोडू नका

"ॲक्सेसच्या टेबलात २५५ फील्ड भरली? नको ती उडवा, जागा होईल. नाहीतर टेबलाचे दोन तुकडे करून क्वेरीने जोडा, किंवा उरलेलं सगळं एका लॉन्ग टेक्स्टमध्ये भरा. तेही नको असेल तर एसक्यूएल सर्व्हरवर जा." हा सल्ला कितीतरी जणांकडून माझ्यापर्यंत आला आहे. ॲक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम; त्याच्या एका टेबलात जास्तीत जास्त २५५ फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, मावतात. क्वेरी म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढायची आज्ञा. त्यावर विसंबून लोकांची माहिती खराब होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फील्ड उडवली की लगेच जागा होते, हे खरं नाही. ॲक्सेस आतल्या आत उडवलेली फील्डही मोजत राहतं. फील्डचा डेटा टाइप बदललात तरी ती मोजणी वाढते. म्हणूनच डोळ्यांना २४० फील्ड दिसत असताना 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड' असा एरर येऊ शकतो. फाईलची प्रत काढून ठेवा आणि ॲक्सेसमधली 'कॉम्पॅक्ट ॲण्ड रिपेअर' ही फाईल साफ करायची सोय चालवा, मोजणी ताळ्यावर येते.

आता दोन तुकड्यांचं. क्वेरीच्या निकालालाही २५५ फील्डचीच मर्यादा आहे. समजा, ३१२ प्रश्नांचा सर्वेक्षणाचा फॉर्म आहे; तो दोन टेबलांत बसवलात तरी एका क्वेरीत तो पुरा येणार नाही. त्याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे. एका कुटुंब-सर्वेक्षणाची फाईल माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, त्यात 'भाग१' आणि 'भाग२' अशी टेबलं. ज्या घरांचा दुसरा भाग भरायचा राहिला होता, त्यांची 'भाग२'मध्ये ओळच नव्हती. जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडण्याची पद्धत, बदलला नाही तर ॲक्सेस फक्त दोन्हीकडे असलेल्या ओळी दाखवतं. ती घरं एकही एरर न येता अहवालातून गळून गेली होती. उन्हातान्हात दारोदार फिरून कुणीतरी ती माहिती आणली होती, याचं मला फार वाईट वाटलं. गोपनीय माहिती वेगळी ठेवण्यासाठी एकास-एक टेबल, म्हणजे एका ओळीला दुसरीकडे एकच ओळ असं, जरूर करावं. जागा पुरत नाही म्हणून नको.

लॉन्ग टेक्स्टमध्ये, म्हणजे मोठ्या मजकुराच्या एकाच फील्डमध्ये, 'होय,नाही,,३' असं भरलंत आणि एक स्वल्पविराम सुटला, तर पुढची सगळी उत्तरं एक जागा सरकतात. बेरीज-सरासरीही धड काढता येत नाही.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसच्या साध्या टेबलात १०२४ कॉलम मावतात, पण समोर ॲक्सेसच राहिलं तर क्वेरीची २५५ ची भिंत तिथेच उभी.

मुळात प्रत्येक प्रश्नाला एक फील्ड, हीच मांडणी एक्सेलच्या सवयीतून आलेली आहे. तीन टेबलं करा: कुटुंबं, प्रश्न आणि उत्तरं. 'उत्तरं'मध्ये एका ओळीत कुटुंब क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि उत्तर. आकडे आणि तारखा असतील तर त्यांच्यासाठी वेगळी फील्ड ठेवा, नाहीतर '१०' हे '९'च्या आधी लागेल. कुटुंब आणि प्रश्न या जोडीवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी पुन्हा येऊ न देणारा नियम, लावा; एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा शिरणार नाही. नवं कुटुंब नोंदवलं की अपेंड क्वेरीने, म्हणजे टेबलात ओळी घालणाऱ्या क्वेरीने, प्रश्नांच्या ३१२ कोऱ्या ओळी 'उत्तरं'मध्ये आणा आणि सबफॉर्ममध्ये, म्हणजे कुटुंबाच्या फॉर्मच्या आतल्या छोट्या फॉर्ममध्ये, भरत जा. राहिलेली उत्तरं कोरी दिसतात, घर हरवत नाही. हजार कुटुंबांच्या ३ लाख १२ हजार ओळी होतील. फाईलची मर्यादा २ जीबी आहे, एवढ्या ओळी त्यात सहज मावतात.

एका ओळीत एक कुटुंब आणि प्रश्नांचे रकाने असा आडवा तक्ता हवा असेल तर तो बनवणारी क्रॉसटॅब क्वेरी करा. तिलाही २५५ ची अट आहे, म्हणून प्रश्नांचे गट पाडून दोन क्रॉसटॅब काढा.